दूरस्थ समुपदेशनाची भाषा : वऱ्हाडच्या संदर्भात एक विचार

१

'समुपदेशन' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्याच्या घडणीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. 'उपदेश' या परिचित शब्दाला 'सम्' हा उपसर्ग लागून तो सिद्ध झाला आहे. आणि उपदेश म्हटला की सांगणारा वरच्या पायरीवर व ऐकणारा खालच्या पायरीवर हे चित्र ओघानेच मनात येते. ज्या व्यवसायाला हा शब्द लावला जातो त्याची विसाव्या शतकातील वाटचाल मात्र उलट दिशेने झालेली आहे. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की, मदतीसाठी आलेल्या व्यक्तीला मार्ग दाखविण्यापेक्षा तिचे म्हणणे तिच्याच दृष्टीने समजून घेणे हे समुपदेशकाचे पहिले कार्य होय. पुढे या क्षेत्रात अनेक पंथ निर्माण झाले. परंतु ऐकणे हा या व्यवहाराचा पाया आहे, याविषयी त्यांच्यात फारसा मतभेद राहिला नाही. म्हणजे संज्ञा उपदेशाची आणि कार्य श्रवणाचे, असा हा प्रकार आहे.

समोरासमोरच्या भेटीत हा विरोध काही प्रमाणात झाकला जातो. चेहरा, मान हलविणे, पुढे केलेला पाण्याचा पेला यांमुळे शब्दांतील उणीव भरून निघते. दूरध्वनीवरून किंवा संगणकाच्या पडद्यावरून चालणाऱ्या समुपदेशनात ही सोय उरत नाही. तेथे समुपदेशकाजवळ भाषेखेरीज दुसरे साधन नसते. म्हणून दूरस्थ समुपदेशन हा जितका मानसशास्त्राचा विषय आहे तितकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे. अमरावती व अकोला या जिल्ह्यांत त्याचा विचार अधिक निकडीचा ठरतो. कारण तेथे ऐकण्यातील चुकीची किंमत एखादे वेळी माणसाच्या प्राणांनी मोजावी लागते.

२

अनोळखी माणसाने दूर अंतरावरून आपली खाजगी व्यथा कळवावी आणि तिला उत्तर मिळावे, ही गोष्ट मराठीला अगदी नवी नाही. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' या मासिकात (१९२७–१९५३) वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. जे प्रश्न घरात उच्चारता येत नसत आणि वैद्यापुढेही संकोचामुळे निघत नसत, ते टपालाने या मासिकाकडे जात. त्यांची उत्तरे सरळ, कोरड्या व निःसंदिग्ध भाषेत छापली जात. या स्पष्टपणाबद्दल १९३४ मध्ये कर्वे यांच्यावर खटला झाला. त्या वेळी न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. खटला ज्या मजकुरावरून झाला तो अशा प्रश्नोत्तरांचाच होता, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. पत्र लिहिणाऱ्याला उत्तर मिळण्याचा हक्क आहे, आणि ते उत्तर आडपडद्याच्या शब्दांत दिले तर ते उत्तरच राहत नाही, ही भूमिका त्यामागे होती.

दुसरी परंपरा खुद्द वऱ्हाडातील आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांचे कीर्तन हे प्रश्नांवर उभे असे. ते श्रोत्यांना विचारीत, श्रोते उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. हे सर्व वऱ्हाडी बोलीत चाले. कर्ज काढून सण करू नये, जनावर बळी देऊ नये, मुलांना शाळेत घालावे, असा उपदेशच त्यात होता; परंतु तो श्रोत्याच्याच तोंडून वदविला जाई. उपदेश आणि संवाद यांचे इतके जवळचे नाते मराठीत अन्यत्र क्वचितच आढळेल.

तथापि या दोन्ही परंपरांचे आजच्या समुपदेशनाशी असलेले अंतर ध्यानात घेतले पाहिजे. कर्वे यांच्या वाचकाला प्रामुख्याने माहिती हवी होती, आणि माहिती देऊन उत्तरदात्याचे काम पूर्ण होत असे. गाडगेबाबांच्या कीर्तनात प्रश्न समुदायाला विचारला जाई आणि त्याचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असे. समुपदेशकाचा प्रश्न एकाच व्यक्तीला असतो आणि त्याचे उत्तर त्याला खरोखरच ठाऊक नसते. हे न जाणणे प्रांजळ असेल तरच संवाद घडतो. समुपदेशकाने उत्तर मनात ठरवून प्रश्न विचारले, तर कीर्तनाचा आकार उरतो आणि त्याचा प्राण निघून जातो.

३

वऱ्हाडात या सेवा कोणत्या परिस्थितीत आल्या हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर जुलै २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ६ जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले. अमरावती व अकोला हे त्यांत होते. त्या योजनेचा भर कर्ज, व्याज आणि सिंचन यांवर होता. मनाच्या अवस्थेचा स्वतंत्र विचार नंतर आला. २०१५ मध्ये राज्य शासनाने विदर्भ व मराठवाडा येथील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशा कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन ताणाखाली असलेल्या व्यक्ती ओळखाव्यात आणि १०४ या क्रमांकावर दूरध्वनीवरून सल्ला मिळावा, अशी त्याची योजना होती. १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. बंगळूरची निम्हान्स ही संस्था तिचे मार्गदर्शन करते. पहिल्या पायरीवर प्रशिक्षित समुपदेशक आणि गरज पडल्यास दुसऱ्या पायरीवर मानसोपचारतज्ज्ञ, अशी तिची रचना आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये 'आयकॉल' सुरू करून दूरध्वनीबरोबर ई-पत्र व लेखी संभाषण यांचाही अवलंब केला होता.

या सर्वांच्या तुलनेत अमरावती जिल्ह्यात झालेला 'विश्राम' हा प्रयोग वेगळा उठून दिसतो. ३० गावांत चाललेल्या या कार्यक्रमाचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकायट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नैराश्याने ग्रस्त असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आरंभी ४.३ टक्के होते, ते १८ महिन्यांनंतर २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी कार्यक्रमाबाहेरील गावांचा स्वतंत्र गट नव्हता, ही या अभ्यासाची मर्यादा आहे, आणि म्हणून सर्व बदलाचे श्रेय एका कार्यक्रमाला देता येणार नाही. तरीही सहापट वाढ ही उपेक्षिण्याजोगी बाब नव्हे. देशाच्या २०१५-१६ च्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे दिसले होते. ज्या १२ राज्यांत ते सर्वेक्षण झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे 'विश्राम'चे आकडे वऱ्हाडच्या अभ्यासकाला विशेष मोलाचे वाटतात.

या कार्यक्रमाच्या नावाकडेही लक्ष द्यावे. विदर्भ, ताण आणि आरोग्य यांच्या इंग्रजी शब्दांतील अक्षरे जुळवून ते बनविले आहे. त्यात आजाराचा, वेडाचा किंवा रुग्णाचा उल्लेख नाही. मराठी कानाला तर त्यातून केवळ विसावा ऐकू येतो. गावात ज्या दारावर 'मानसिक रोग' असे लिहिले आहे त्या दाराकडे माणूस वळत नाही; 'विश्राम' म्हटलेल्या दाराशी तो निदान थबकतो. या कार्यक्रमात गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते होते, त्यांच्यामागे समुपदेशक आणि त्यांच्यामागे तज्ज्ञ होते. पहिला शब्द ओळखीच्या माणसाकडून, ओळखीच्या बोलीत येत होता. दूरस्थ सेवेला नेमकी हीच गोष्ट साधावयाची आहे आणि तिच्यापाशी तोंडओळख मात्र नाही.

४

येथे भाषेचा प्रश्न मूळ स्वरूपात समोर येतो. मराठीत, आणि वऱ्हाडीत तर अधिकच, मनाच्या दुःखाचा उच्चार 'जीव' या शब्दाभोवती फिरतो. जीव घाबरा होतो, जिवाला घोर लागतो, जीव रमत नाही, एखादे काम जिवावर येते, जीव नकोसा होतो. यांतील 'जिवावर येणे' म्हणजे केवळ कंटाळा. 'जीव नकोसा होणे' हे त्राग्याचे बोलणेही असू शकते आणि मरणाच्या इच्छेचा निर्देशही असू शकतो. ऐकणाऱ्याने दोन्हींना एकाच मापाने मोजले तर एके ठिकाणी विनाकारण घबराट होईल आणि दुसऱ्या ठिकाणी धोका निसटेल. यावर उपाय एकच : स्पष्ट विचारणे. 'मरून जावे असे मनात येते काय', हा प्रश्न विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात रुजत नाही, हे या क्षेत्रातील आता सर्वमान्य मत आहे. उलट, कोणी तरी तो शब्द उच्चारला म्हणून माणसाला हायसे वाटते. कर्वे यांच्या निःसंदिग्ध उत्तरांमागील तत्त्वच येथे प्रश्नाच्या रूपाने पुन्हा भेटते.

दुसरी अडचण बोलीच्या व्याकरणातील आहे. 'मले काही सुचून नाही राह्यलं' असे वऱ्हाडी माणूस म्हणतो. 'राहणे' या सहायक क्रियापदाने येथे चालू असलेली, अद्याप न संपलेली अवस्था दाखविली आहे. प्रमाण मराठीत 'मला काही सुचत नाही' असे त्याचे रूपांतर केले की हा चालूपणा निघून जातो आणि स्वभावाचे वर्णन केल्याचा भास होतो. 'करमत नाही' या दोन शब्दांत एकटेपणा, अस्वस्थता आणि कशाची तरी ओढ इतके एकवटलेले असते की त्यांना नैराश्य, चिंता किंवा एकाकीपणा यांपैकी कोणत्याही एकाच रकान्यात टाकता येत नाही.

सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांना नेमके असे रकाने लागतात. 'पीएचक्यू-९' या प्रश्नावलीत ९ प्रश्न असून प्रत्येकाचे उत्तर गेल्या दोन आठवड्यांच्या हिशेबाने चार पर्यायांतून द्यावयाचे असते. तिची उपयुक्तता निर्विवाद आहे. परंतु ज्याचा काळ पेरणी, डवरणी, वेचणी आणि बाजाराचा दिवस यांनी मोजला जातो, त्याला 'गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस' हा प्रश्न परका वाटतो. 'पऱ्हाटीची वेचणी लागली तेव्हापासून झोप कशी आहे', असे विचारणारा समुपदेशक तीच माहिती मिळवितो आणि शिवाय ऐकणारा आपल्या गावाचा जाणकार आहे असा विश्वासही मिळवितो.

वाङ्मयाने ही वाट फार पूर्वी चोखाळली आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीत कौतिक आणि तिच्या भोवतालची माणसे वऱ्हाडीतच बोलतात. दारिद्र्याने आणि संसाराच्या ओढाताणीने होणारी तिची होरपळ वाचकापर्यंत पोहोचते ती त्या बोलीमुळे. कौतिकच्या तोंडी प्रमाण मराठी घातली असती तर तिचे दुःख कळले असते, पण ते तिचे राहिले नसते. टीकाकारांनी ही गोष्ट कलागुण म्हणून वाखाणली. समुपदेशनात तीच गोष्ट कलागुणापेक्षा मोठी आहे. ती उपचाराची अट आहे. कादंबरीच्या वाचकाला कौतिकला उत्तर द्यावे लागत नाही. दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्याला ते द्यावे लागते, आणि तेही लगेच.

मेळघाटात हा प्रश्न आणखी बिकट होतो. धारणी व चिखलदरा या तालुक्यांत मोठ्या संख्येने कोरकू बोलली जाते. ती मुंडा कुळातील भाषा असून मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. तेथे वऱ्हाडीही परकीच ठरते. मराठीत सेवा उपलब्ध आहे एवढ्याने अमरावती जिल्ह्याची गरज भागली असे मानणे म्हणून चुकीचे होईल.

५

साधनांचा विचार केला तर आवाज आणि लेखन यांचे गुणदोष भिन्न आहेत. दूरध्वनीवर बोलण्यातील थांबे, हुंदका, मागे खोकणारी म्हातारी, गोठ्यातले आवाज हे सर्व ऐकू येते. ऐकणाऱ्याला त्यातून घराचे चित्र उभे करता येते. लेखी संभाषणात हे काही नसते. मात्र लिहिणाऱ्याला सवड मिळते, लिहिलेले खोडता येते, आणि आलेले उत्तर रात्री पुन्हा वाचता येते. जेथे भिंती पातळ आहेत आणि बोलणे शेजारच्या खोलीत ऐकू जाते तेथे लेखन हाच एक आडोसा असतो. परंतु लिहिताना वऱ्हाडी माणूस बहुधा आपली बोली सोडतो आणि शाळेत शिकलेली भाषा धरतो. एकीकडे आडोसा मिळतो, दुसरीकडे जिवाची भाषा हातून जाते.

आडोशाचा हा प्रश्न स्त्रियांच्या बाबतीत विशेष तीव्र आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात स्वतः वापरावयाचा भ्रमणध्वनी असलेल्या स्त्रिया निम्म्याहून थोड्याच अधिक होत्या. उरलेल्यांसाठी दूरस्थ समुपदेशन म्हणजे पतीच्या किंवा मुलाच्या हातातील यंत्रावरून त्याच घराविषयी बोलणे होय. 'आत्ता मोकळेपणी बोलता येईल काय', हा समुपदेशकाचा पहिला प्रश्न असावा, तो यासाठीच.

अलीकडे उत्तर देण्याचे काम यंत्राकडेही सोपविले जाऊ लागले आहे. याचा आरंभ १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी प्रसिद्ध केलेल्या 'एलायझा' या संगणकीय रचनेत दिसतो. समोरच्याचे वाक्य उलटवून प्रश्न म्हणून परत देणे एवढेच ती करीत असे. तरी माणसे तिच्याशी मन मोकळे करू लागली, आणि या अनुभवाने स्वतः वायझेनबाउम अस्वस्थ झाले. आजची यंत्रे कितीतरी अधिक कुशल आहेत व त्यांच्याशी बोलून एखाद्याची रात्र निभावत असेल तर त्याची हेटाळणी करण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरी धोका आहे त्या घरी कोणी तरी जाणे आवश्यक असते. ती हमी पलीकडे माणूस आणि त्याच्यामागे व्यवस्था असल्याशिवाय मिळत नाही.

६

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल. वऱ्हाडातील शेतकऱ्याचे दुःख कर्जाचे, पडलेल्या भावाचे आणि हुकलेल्या पावसाचे आहे. त्याला मनाचा आजार ठरवून समुपदेशकाकडे धाडणे म्हणजे मूळ कारणावर पांघरूण घालणे होय. या आक्षेपात तथ्य आहे. खारपाणपट्ट्यातील खाऱ्या विहिरी कोणत्याही संवादाने गोड होणार नाहीत, आणि सावकाराचा तगादा शांत श्वास घेतल्याने थांबणार नाही. समुपदेशन हे शेतीधोरणाच्या जागी उभे केले गेले तर त्याचा निषेधच केला पाहिजे.

तथापि हा आक्षेप एका बाबतीत अपुरा पडतो. कर्ज अनेकांवर असते. त्यांपैकी काहींची झोप, भूक आणि विचार करण्याची शक्ती हरपते, आणि मग जे मार्ग खरोखर मोकळे असतात तेही त्यांना दिसेनासे होतात. पीककर्जाचे पुनर्गठन करून घेण्यासाठी बँकेत जावयाचे असते, विम्याच्या दाव्याची मुदत पाळावयाची असते, तलाठ्याकडून सातबारा आणावयाचा असते. अंथरुणातून उठवत नाही अशा माणसाला यांतील प्रत्येक गोष्ट डोंगराएवढी वाटते. येथे समुपदेशनाचे व्यावहारिक रूप उपयोगी पडते. नैराश्यावरील परिणामकारक पद्धतींपैकी एक अशी आहे की, मन उल्हसित होण्याची वाट न पाहता दिवसाच्या एका लहान, ठराविक कृतीपासून आरंभ करावयाचा. गोव्यात सामान्य शिक्षण असलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकरवी ही पद्धत राबविता येते, असे 'संगाथ' या संस्थेच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून दिसून आले. उद्या सकाळी कोणते एक काम करावयाचे, सोबत कोण येईल आणि परवा पुन्हा कोणत्या वेळी बोलावयाचे, एवढे ठरले तरी एका संभाषणाचे सार्थक होते.

व्यवहाराच्या या भागात कायद्याची माहितीही येते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा न करता तिच्या उपचारांची सोय शासनाने करावी, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमात म्हटले आहे. पोलिसांच्या धाकाने गप्प बसलेल्या कुटुंबाला ही एक गोष्ट कळणेही मोठा आधार असतो. तसेच समुपदेशक औषध लिहून देऊ शकत नाही. तो अधिकार वैद्यकाचा आहे, हेही आरंभीच स्पष्ट झालेले बरे. नाही तर पहिल्या संभाषणानंतर गोळीची अपेक्षा करणारा माणूस निराश होऊन दुसऱ्यांदा क्रमांक फिरवीत नाही.

७

वरील विवेचनावरून दूरस्थ समुपदेशनाच्या मूल्यमापनाची एक कसोटी हाती येते. किती दूरध्वनी आले, किती मिनिटे बोलणे झाले, किती भाषांत सेवा उपलब्ध आहे, हे आकडे आवश्यक असले तरी पुरेसे नाहीत. आलेल्याचे म्हणणे त्याच्या बोलीतील अर्थासह ऐकले गेले काय, धोक्याचा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारला गेला काय, संभाषणाच्या अखेरीस हाताशी येणारी एखादी कृती ठरली काय, आणि दूरच्या आवाजाने अमरावती-अकोल्यातील जवळच्या एखाद्या माणसाशी, आशा कार्यकर्तीशी, जिल्हा रुग्णालयाशी किंवा निदान एका नातलगाशी, गाठ घालून दिली काय, हे पाहिले पाहिजे. 'विश्राम'च्या गावांत या चारही गोष्टी एकत्र आल्या होत्या. दूरध्वनीला त्या एकेक करून जोडाव्या लागतील.

त्यासाठी समुपदेशकांच्या प्रशिक्षणात बोलींचा अभ्यास यावयास हवा, आणि हे काम केवळ मानसशास्त्र विभागाचे नाही. वऱ्हाडीत मनोव्यथा व्यक्त करणाऱ्या शब्दांचा व वाक्प्रचारांचा संग्रह करणे, त्यांच्या अर्थच्छटा उदाहरणांसह नोंदविणे, कोणता प्रयोग त्राग्याचा आणि कोणता धोक्याचा हे बोलणाऱ्यांकडूनच समजून घेणे, तसेच कोरकूसाठी असेच काम त्या भाषेच्या जाणकारांकडून करून घेणे, हे मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज पेलण्यासारखे संशोधन आहे. बोलीचा कोश आजवर बहुधा जतनासाठी केला गेला. असा कोश एखाद्या रात्री १४४१६ वर आलेला आवाज नीट ऐकला जावा यासाठीही करता येईल. 'समुपदेशन' या शब्दातील उपदेश मग हळूहळू मागे पडेल आणि त्याची जागा ऐकण्याला मिळेल.